१९४४चा नाईक उभा करायचा तर

१. खाकी कपडे घातले की झालं का?

युद्धकाळातल्या सैनिकाचा हुबेहूब वेश उभा करण्याचा छंद असतो, असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो. खाकी शर्ट-पँट शिवायची, कमरेला पट्टा बांधायचा, खांद्याला बंदूक अडकवायची. यात अभ्यास करण्यासारखं काय आहे?

आधी छंदाची तोंडओळख करून घेऊ. युरोप-अमेरिकेत त्याच्या दोन शाखा आहेत. एक रीएनॅक्टमेंट. यात जुन्या लढाईचा प्रसंग किंवा छावणीतला दिवस लोकांसमोर उभा करतात. बंदुका चालवल्याच तर त्यात नुसत्या आवाजाची, बिनगोळीची काडतुसं असतात. दुसरी शाखा एअरसॉफ्टची. हा खेळ जपानमध्ये १९७०च्या दशकात सुरू झाला. खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या प्रतिकृतीतून सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी सुटते आणि ती ज्याला लागते तो खेळाडू बाद होतो. बहुतेक जण आजच्या कमांडोच्या पोशाखात खेळतात, पण काही गट दुसऱ्या महायुद्धाचा काळ नेमून घेतात आणि त्या काळाचाच वेश हवा असा नियम करतात. दोन्ही शाखांमध्ये अंगावर उभ्या केलेल्या सैनिकाला ‘इम्प्रेशन’ म्हणतात.

आता प्रश्नाचं उत्तर. घरातला जुना लग्नाचा फोटो बघताना एखादी आत्या ब्लाउजच्या बाह्या आणि नवरदेवाच्या पँटचा घेर बघून साल सांगते, आणि ते बरोबर निघतं. सैनिकाच्या फोटोचंही तसंच आहे. शिरस्त्राण, पट्ट्याचा रंग, पायाला काय बांधलंय, संगिनीची लांबी यावरून जाणकार माणूस आघाडी, ऋतू आणि पुष्कळदा वर्षही सांगतो. नुसती खाकी घातलेला माणूस कुठल्याच युद्धातला नसतो, आणि बघणाऱ्याला ते न सांगता कळतं.

२. आधी माणूस, जागा, महिना

नवखा माणूस खरेदीपासून सुरुवात करतो. बंदूक आवडली म्हणून घेतो, हेल्मेट स्वस्त मिळालं म्हणून घेतो आणि मग या सगळ्याला जुळेल असा सैनिक शोधत बसतो. असा सैनिक कधी सापडत नाही, कारण तो कधी नव्हताच. क्रम उलटा हवा. कोण, कुठे, कधी या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून झाल्याशिवाय एक बटणसुद्धा विकत घेऊ नये.

या प्रकरणासाठी मी निवडलेला माणूस असा: पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला एक नाईक. जागा: मध्य इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. महिना: जुलै १९४४.

ही निवड मुद्दाम केली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या पुनर्रचनेत अमेरिकी पॅराट्रूपर आणि जर्मन पायदळवाले ढिगाने दिसतात. इटलीत मात्र चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांचे, आणि त्यातले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. कोकणातली आणि देशावरची मुलं अपेनाइनच्या डोंगरात लढली, ही गोष्ट आपल्याकडच्या शाळकरी मुलांना माहीत नसते. तो सैनिक कुणी उभा करणार असेल, तर तो नीट उभा व्हावा असं मला मनापासून वाटतं.

‘जुलै १९४४’ म्हटल्याबरोबर बाकीची उत्तरं आपोआप येऊ लागतात. तिसरी बटालियन १९४१मध्ये एरिट्रियात केरेनला लढलेली. पुढे ती दहाव्या डिव्हिजनबरोबर मध्यपूर्वेतून १९४४च्या वसंतात इटलीत उतरली. म्हणजे आपल्या नाइकाचं सामान वाळवंटातलं ऊन खाऊन आलेलं आहे. जुलै म्हणजे इटलीतला कडक उन्हाळा, म्हणून लोकरीचा जाड पोशाख नको. नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती आणि हाताखाली एक सेक्शन, पूर्ण भरली तर दहा जणांची.

३. कागद काय सांगतो

याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तेव्हाचा कुलाबा आणि आजचा रायगड जिल्हा. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे मशिनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा दोघांना गप्प केलं, मग टॉमी गन या सबमशिनगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे, माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

पुनर्रचना करणाऱ्याने हा वृत्तांत दुसऱ्यांदा वाचावा, तो फक्त वस्तूंसाठी. सेक्शनच्या नाइकाकडे रायफल नाही, टॉमी गन आहे. हातबॉम्ब हाताशी आहेत. गन मॅगझिनवर चालणारी आहे, आणि पुढचं मॅगझिन पाऊचच्या बंद झाकणाखाली असणार. गनला लाकडी दस्ता लावलेला आहे, नाहीतर ती सोट्यासारखी वापरता आली नसती. एका परिच्छेदातून अर्धं किट मिळालं.

दुसरा वृत्तांत पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांचा. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगातून सुरक्षित आणलं आणि मग शत्रूच्या मशिनगन गप्प केल्या. ते कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई. हाताला जखम झाल्यावर टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ती टाकून ते हातबॉम्ब वापरू लागले. यावरून दिसतं की टॉमी गन फक्त सेक्शन कमांडरकडेच असायची असं नाही. ‘शिपायाकडे रायफलच हवी’ असा दंडक कुणी घातला, तर त्याच्यापुढे हा कागद ठेवता येतो. पुस्तकातला नियम आणि त्या दिवशी घडलेली गोष्ट यांत फरक पडला, तर घडलेल्या गोष्टीच्या बाजूने उभं राहावं.

४. डोक्यापासून पायापर्यंत

उन्हाळ्याचा पोशाख खाकी ड्रिलचा, म्हणजे घट्ट विणीच्या सुती कापडाचा. शर्ट सैलसर आणि पँट कमरेला उंच. आजच्या तयार पँटी कमरेखाली बसतात आणि त्यावर १९४४चा पट्टा बांधला की सगळी ठेवण बिघडते. कापड नवंकोरं दिसता कामा नये. दहा-बारा धुण्यांनी ते जसं उतरतं तसं उतरू द्यावं. चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं कापड डागाळलेलं दिसतं, जुनं दिसत नाही.

हिवाळा निवडलात तर चित्र बदलतं. तेव्हा लोकरी सर्जचं बॅटलड्रेस, आखूड जाकीट आणि ढगळ पँट, वर बिनबाह्यांचं चामडी जर्किन. सेनिओच्या काठावरचा एप्रिल आणि टायबर खोऱ्यातला जुलै यांत म्हणूनच गल्लत चालत नाही.

डोक्यावर मार्क टू जातीचं पसरट काठाचं पोलादी हेल्मेट, वर जाळी. विसाव्याच्या वेळी लोकरीची विणलेली कॅप-कम्फर्टर. शीख सैनिक पगडीवरच लढायचे. ती पगडी मराठा पलटणीच्या इम्प्रेशनवर चढवणं ही ढोबळ चूक आहे.

सर्वांत जास्त दिसणारी चूक हिरव्या रंगाची. ‘भारतीय सैनिक, दुसरं महायुद्ध’ असा शोध घेतला की ब्रह्मदेशातले फोटो पुढे येतात: जंगलात मिसळणारा हिरवा गणवेश आणि एका बाजूने वळवलेली रुंद काठाची हॅट. तो वेश त्या आघाडीवर अगदी बरोबर आहे, पण इटलीत तो घालून गेलात तर माणूस मराठा राहतो आणि लढाई चुकते. दुसरी चूक बिल्ल्यांची. रेजिमेंटचा आजचा बिल्ला सहज मिळतो म्हणून लोक तो लावतात. त्यावर अशोकस्तंभाचे सिंह आहेत, आणि ते राजचिन्ह १९५० सालचं आहे.

पायात चामडी अ‍ॅम्युनिशन बूट, तळव्याला लोखंडी खिळे. घोट्यावर आखूड पट्ट्या गुंडाळलेल्या किंवा कॅनव्हासची अँकलेट. बूट हे मी सर्वांत आधी घ्यायला सांगेन. माणसाची चाल बुटांवर ठरते, आणि खिळ्यांच्या बुटात दगडी रस्त्यावर चालणारा माणूस स्पोर्ट्स शूजमधल्या माणसापेक्षा वेगळा चालतो. वेश कितीही चांगला असला तरी चालीतून आजचा माणूस डोकावतो.

५. पट्टे आणि पाऊच: इथे खरी परीक्षा

ब्रिटिश आणि भारतीय पायदळ ज्या जाड सुती पट्ट्यांत सामान बांधायचं त्याला १९३७च्या नमुन्याचं वेबिंग म्हणतात. रचना समजायला सोपी आहे. कमरेला रुंद पट्टा, त्यावरून खांद्यावर जाऊन पाठीत एकमेकांना छेदणारे दोन पट्टे, छातीच्या खाली दोन मोठे चौकोनी पाऊच. डाव्या कुशीला संगीन, दुसऱ्या कुशीला पाण्याची बाटली. पाठीवर छोटी पिशवी, तिच्यात जेवणाचा डबा, साबण-टॉवेल, सुटे मोजे आणि पावसाचं कापड. ढुंगणाच्या वर खणायचं अवजार.

पाऊच इतके मोठे का, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. रायफलची काडतुसं तर पाच-पाचच्या क्लिपमध्ये असतात, त्यांना एवढी जागा लागत नाही. शिवाय त्यातली पुष्कळशी कापडी बँडोलियरमध्ये गळ्यात अडकवलेली असायची, एका बँडोलियरमध्ये ५०. उत्तर असं की पाऊच रायफलसाठी बेतलेले नाहीत, सेक्शनच्या ब्रेन गन या हलक्या मशिनगनसाठी बेतलेले आहेत. सेक्शनची खरी ताकद ती एकच ब्रेन, आणि तिचं खाद्य सगळ्यांनी मिळून वाहायचं.

छोटा हिशेब करू. ब्रेनच्या मॅगझिनमध्ये ३० काडतुसं मावतात. सहा रायफलवाल्यांनी प्रत्येकी दोन मॅगझिन नेली तर बारा मॅगझिन, म्हणजे ३६० काडतुसं. ब्रेन मिनिटाला सुमारे ५०० या वेगाने झाडते, म्हणजे घोडा दाबून धरला तर एक मॅगझिन चार सेकंदांच्या आत रिकामं. बारा मॅगझिन सलग झाडली तर पाऊण मिनिटही पुरत नाहीत. म्हणून ब्रेनवाला दोन-तीन, दोन-तीन गोळ्यांच्या झटक्यांनी मारा करायचा, आणि म्हणून प्रत्येकाच्या छातीवर ते मोठे पाऊच.

हा हिशेब वेशाच्या कामाचा आहे. भरलेलं एक मॅगझिन सव्वा किलोच्या आसपास भरतं. दोन मॅगझिन एका पाऊचमध्ये असली की पाऊच खाली ओढतो, पट्टा पुढून किंचित झुकतो, खांद्यावरचे पट्टे ताणले जातात, माणूस धावताना एक हात नकळत पाऊचवर ठेवतो. हौशी लोक पाऊचमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबतात. त्याने पाऊच उशीसारखा फुगतो आणि वर उडतो. त्याऐवजी मॅगझिनच्या मापाचे लाकडी ठोकळे वजनासह घालावेत. फोटोतली जुनी माणसं आणि आरशातले आपण यांतला अर्धा फरक या एका गोष्टीने मिटतो.

आपल्या नाइकाच्या पाऊचमध्ये टॉमी गनची वीस काडतुसांची सरळ मॅगझिनं येतील. ती अरुंद असल्याने पाऊचचा आकार वेगळा दिसतो, तेवढा बदल करावा. सोबत छत्तीस नंबरचे हातबॉम्ब, लोखंडी आणि चौकटी पाडलेले.

रंगाबद्दल एक सूचना. ब्रिटनमध्ये वेबिंगला ब्लँको नावाचा लेप लावून हिरवट करायचे. मध्यपूर्वेतून आलेल्या पलटणीचं वेबिंग उन्हाने आणि घासून घासून पिवळट-पांढुरकं झालेलं असायचं. आपल्या नाइकाला गर्द हिरवं वेबिंग घालू नये.

६. हत्यार शेवटी

नवख्याला हत्यार पहिल्यांदा हवं असतं. मी ते शेवटी ठेवतो, कारण बघणारा माणूस आधी उभं राहणं बघतो, मग बंदूक.

सेक्शनमधल्या इतरांकडे ली-एनफिल्ड नंबर एक मार्क तीन रायफल, दहा काडतुसांची, चार किलोच्या घरातली. भारतात ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनायची. तिची काडतुसं बनवणाऱ्या कारखान्यांत आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना होता, १८६९मध्ये सुरू झालेला. तिथल्या काडतुसाच्या बुडावर खडकीची खूण ठोकलेली असते. संगिनीचं पातं जुन्या नमुन्यात १७ इंच लांब होतं. युद्धकाळात भारतात ते १२ इंचांवर आणलं. म्हणून दोन्ही लांबीच्या संगिनी एकाच सेक्शनमध्ये दिसल्या तर त्यात गैर काही नाही.

टॉमी गनच्या एअरसॉफ्ट प्रतिकृती बऱ्याच वर्षांपासून मिळतात. घेताना एवढंच बघावं: १९२८च्या नमुन्यात खेचायची मूठ वरच्या बाजूला असते, नंतरच्या सोप्या केलेल्या नमुन्यात उजव्या कुशीला. इटलीत दोन्ही चालतील, पण आपण कुठला धरलाय ते सांगता आलं पाहिजे. गोल मॅगझिन चित्रपटातल्या गुंडांनी प्रसिद्ध केलं. नाइकाच्या गनला ते लावू नये.

एअरसॉफ्टमध्ये एक अडचण वेगळीच येते. विजेवर चालणाऱ्या प्रतिकृतीच्या मॅगझिनमध्ये शेकडो प्लास्टिक गोळ्या मावतात. मग बोल्ट ओढून एकेक गोळी सोडणारा रायफलवाला हरतो आणि पुढच्या खेळाला तोही टॉमी गन घेऊन येतो. मैदानावर एकही रायफल उरत नाही. यावर गटांनी शोधलेला उपाय चांगला आहे. मॅगझिनमध्ये मूळ हत्याराइतक्याच गोळ्या भरायच्या, टॉमीत वीस, ब्रेनमध्ये तीस, आणि सेक्शनमागे ब्रेन एकच. असा नियम असला की खेळाडू आपोआप त्या काळच्या सेक्शनसारखे वागू लागतात. ब्रेनला आडोसा शोधतात, तिला मॅगझिन पोचवतात, आणि हिशेबातलं ते पाऊण मिनिट त्यांना अंगाने कळतं.

डोळ्यांच्या संरक्षणाबाबत मात्र काळाशी इमान राखू नये. युद्धकाळातले जुने गॉगल प्लास्टिकच्या गोळीपासून डोळा वाचवतील याची खात्री नाही. आजचा तपासलेला चष्मा लावावा. वेश तेवढा खोटा ठरला तरी चालेल.

७. शोधायचं कुठे

फोटो हे पहिलं साधन. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे इटलीतल्या भारतीय सैनिकांचे शेकडो फोटो आहेत आणि बरेचसे घरबसल्या बघता येतात. बघताना सावध असावं. सरकारी छायाचित्रकारांनी काही हल्ले लढाई संपल्यावर पुन्हा करायला लावून टिपले आहेत. पाठीमागचे सैनिक आरामात उभे आणि पुढचा एकटाच संगीन रोखून धावतोय असं दिसलं की शंका घ्यावी. कपडे त्यातही खरेच असतात, कृती तेवढी बसवलेली असते. पुढच्या माणसापेक्षा कडेचा, दुर्लक्षित माणूस जास्त शिकवतो. पट्ट्याचं टोक त्याने कसं खोचलंय, बाही किती दुमडलीय, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आहे की मागे, ते तिथे दिसतं.

दुसरं साधन बटालियनच्या युद्धदैनंदिनीचं. त्यात हवा, मुक्काम, आलेलं सामान, गेलेली माणसं असं रोज लिहिलेलं असतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या दैनंदिन्या मिळतात. आपल्याकडे बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये पलटणीचा वारसा जपलेला आहे.

८. कुठे थांबायचं

यशवंत घाडगे किंवा नामदेव जाधव यांचा वेश कुणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या पलटणीतला नाव नसलेला एक नाईक करावा. पदकं छातीवर लावू नयेत. ती मिळवावी लागतात.

कायद्याचंही भान हवं. सैनिक असल्याचा आव आणण्यासाठी सैनिकाचा वेश करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि बंदुकीची प्रतिकृती परदेशातून मागवण्याआधी शस्त्र कायदा आणि कस्टमचे नियम विचारून घ्यावेत. ब्रिटनमध्येही २००६च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या प्रतिकृतींच्या विक्रीवर बंधनं आहेत आणि रीएनॅक्टमेंट व एअरसॉफ्टवाल्यांना ठरावीक अटींवर सूट आहे. रस्त्यावरून, बसमधून, रेल्वेतून अशी वस्तू उघडी नेऊ नये. बघणाऱ्याला ती खरीच वाटते.

आता वाचकांना एक विनंती. रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात अशी पुष्कळ घरं आहेत जिथे आजोबा-पणजोबांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर पडून आहे. तिच्यात पेन्शनचं पुस्तक असेल, पलटणीतला फोटो असेल, इटलीहून आलेलं पत्र असेल. ती ट्रंक भंगारात देण्याआधी उघडा. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कारण फोटोच्या मागे लिहिलेली तारीख आणि गावाचं नाव बहुतेक वेळा पुढच्या चेहऱ्याइतकंच मोलाचं असतं. माणसाचं नाव, नंबर आणि बटालियन एका वहीत लिहून ठेवा, आणि घरात अजून कुणी जाणतं माणूस असेल तर हे काम याच महिन्यात करा.